फिर्याद पोलिसांवर, चौकशी तिची

गुन्हेगारी कादंबरीचा साचा ठरलेला असतो. प्रेत सापडते, पंचनामा होतो, जबाब घेतले जातात आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचक एकाच प्रश्नावर टांगलेला राहतो : हे केले कोणी? आरोपी पोलीसच असला की हा साचा कोलमडतो. त्या रात्री ठाण्यात कोण कोण ड्यूटीवर होते, हे स्टेशन डायरीत लिहिलेले असते. गूढ असे काही उरतच नाही. उरते ते सिद्ध करणे, आणि तेच महाकठीण, कारण पुरावा गोळा करणारे आणि ज्यांच्याविरुद्ध तो गोळा करायचा ते, दोघेही एकाच खात्याचे पगारदार.

हैदराबादमध्ये १९७८ च्या मार्चअखेर घडलेले प्रकरण या पेचाचे आपल्या देशातले बहुधा सर्वांत ठळक उदाहरण आहे. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी पोलिसांनी बलात्कार आणि खून केल्याचे लेखी नोंदवले. पुढे सत्र न्यायालयाने त्याच पोलिसांना निर्दोष सोडले. दोघांपैकी कोणीही आपल्या अधिकाराबाहेर गेले नव्हते. एखाद्या कादंबरीकाराने असा शेवट लिहिला असता तर संपादकाने हस्तलिखित परत पाठवले असते.

नल्लाकुंटा ही हैदराबादच्या जुन्या मध्यमवर्गीय वस्त्यांपैकी एक. उस्मानिया विद्यापीठ जवळ. मनमाडहून मीटरगेज गाडीने रात्रभर प्रवास करून मराठवाड्यातली माणसे ज्या काचीगुडा स्टेशनवर उतरत, तेही फार लांब नाही. सायकलरिक्षा ओढणारा अहमद हुसेन आणि त्याची तरुण बायको रात्रीचा सिनेमा पाहून घरी परतत होते. गस्तीवरच्या पोलिसांनी त्यांना हटकले. इतक्या रात्री रस्त्यावर काय करताय, हा प्रश्न पोलिसाने रिक्षावाल्याला विचारला की त्यामागे पैसे येतात, हे आपल्याकडे सांगावे लागत नाही. तिला ठाण्यात ठेवून घेतले, नवरा पैसे आणायला घरी गेला. तो परत आला तेव्हा बायकोने त्याला सांगितले की ठाण्यातल्या पोलिसांनी तिच्यावर बलात्कार केला. त्याने जाब विचारला. त्याला मारहाण झाली आणि तो मेला.

सकाळपर्यंत बातमी शहरभर झाली. हजारोंचा जमाव नल्लाकुंटा ठाण्यावर चालून गेला. लोकांनी अहमद हुसेनचे प्रेत ठाण्याच्या व्हरांड्यात आणून ठेवले, रस्ते अडवले, टेलिफोनच्या तारा तोडल्या, इमारतीवर दगडफेक केली आणि आवारातल्या सायकली पेटवल्या. प्रेत पोलिसांच्याच दारात ठेवण्यात एक अचूक उमज होती. पोलीस कोठडीतल्या मृत्यूत प्रेत हाच पहिला पुरावा, आणि तो पहिल्यांदा गायब होण्याची भीती असते ती पोलिसांच्याच ताब्यातून. पुढे गोळीबार झाला, त्यात माणसे मेली, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावे लागले. आंदोलन आंध्रातल्या इतर गावांतही पसरले. मुख्यमंत्री एम. चेन्ना रेड्डी यांचे सरकार त्याच महिन्यात सत्तेवर आलेले. ठाण्यावर दगड पडत असताना ठाण्याच्या अहवालावर विसंबून चालणार नव्हते. सरकारने उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. ए. मुक्तदर यांचा चौकशी आयोग नेमला.

आंध्रातल्या नोंदींत आणि देशभरच्या स्त्री चळवळीच्या इतिहासात हे सारे ‘रमीझा बी प्रकरण’ म्हणून ओळखले जाते. अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव छापणे हा आज गुन्हा आहे. त्या काळी नव्हता, आणि म्हणून प्रकरणाला तिचेच नाव चिकटले. ठाण्यातल्या पोलिसांची नावे मात्र आज कोणाला आठवत नाहीत. त्यांची सुटका झालेली असल्याने ती इथे देण्याचेही कारण नाही.

मुक्तदर आयोगापुढे जे चालले ते वाचताना क्षणभर विसरायला होते की चौकशी पोलिसांची होती. पोलिसांच्या बाजूने झालेला मारा सारा तिच्यावर होता. ती वेश्या आहे. तिचे आधी लग्न झालेले आहे. अहमद हुसेन तिचा कायदेशीर नवराच नाही. या मुद्द्यांचा ठाण्यात घडल्या प्रकाराशी संबंध काय, असे आज कोणीही विचारील. पण कायद्याच्या हिशेबात प्रत्येक मुद्द्याला किंमत होती. वेश्याव्यवसायाविरुद्धचा १९५६ चा कायदा (पुढे १९८६ मध्ये बदलून ज्याचा ‘पिटा’ झाला तो) पोलिसांना अशा बाईला ताब्यात घ्यायला निमित्त देत होता. लग्न खोटे ठरले की रात्री नवऱ्याबरोबर निघालेली बायको ‘संशयित’ होते आणि तिला ठाण्यात नेणे हे कर्तव्य ठरते. शिवाय १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १५५ चे चौथे पोटकलम होते : बलात्काराची फिर्याद करणाऱ्या स्त्रीची विश्वासार्हता खोडण्यासाठी ती सर्वसाधारणपणे अनैतिक चालीची आहे असे आरोपीने दाखवले तरी चालेल. चोरीच्या फिर्यादीत, दरोड्याच्या फिर्यादीत अशी सवलत कुठल्याही आरोपीला नव्हती.

हे सगळे ऐकूनही न्या. मुक्तदर यांनी बलात्कार झाला आणि मारहाणीत अहमद हुसेनचा जीव गेला, असा निष्कर्ष काढला. संबंधित पोलिसांवर खटले भरावेत, अशी शिफारस केली.

इथे एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सारा उलगडा तिच्यात आहे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याने नेमलेला आयोग हे न्यायालय नव्हे. त्याला साक्षीदार बोलावता येतात, शपथ देता येते, कागद मागवता येतात. शिक्षा देता येत नाही. अहवाल सरकारला मिळतो आणि सरकार त्याचे काय करायचे ते ठरवते. मुंबईच्या दंगलींवरच्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाचे १९९८ नंतर काय काय झाले, हे महाराष्ट्राने पाहिलेलेच आहे. त्याहून महत्त्वाचे कलम ६. आयोगापुढे दिलेली साक्ष ती देणाऱ्याविरुद्ध नंतरच्या फौजदारी किंवा दिवाणी खटल्यात वापरता येत नाही. अपवाद फक्त खोटी साक्ष दिल्याच्या खटल्याचा. तरतुदीमागचा हेतू चांगला आहे. लोकांनी न भिता बोलावे. पण परिणाम असा की न्यायमूर्तींनी महिनोन्‌महिने बसून जे ऐकले, ते खटल्याच्या वेळी जवळजवळ कोरे होते. पुन्हा पहिल्यापासून साक्षी, पुन्हा तीच उलटतपासणी, पुन्हा त्याच बाईने उभे राहून तेच सांगायचे.

आणि तेही परक्या गावात. हैदराबादच्या तापलेल्या वातावरणात आपल्याला निष्पक्ष न्याय मिळणार नाही, असे आरोपींचे म्हणणे होते. एका राज्यातला फौजदारी खटला दुसऱ्या राज्यात पाठवण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. खटला कर्नाटकात रायचूरला गेला. रायचूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते, औरंगाबाद-नांदेडसारखेच. भाषावार प्रांतरचनेत मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले तसे रायचूर, गुलबर्गा, बिदर म्हैसूरकडे गेले. नकाशावर अंतर फारसे नव्हे, दोनशे किलोमीटरच्या आसपास. पण नल्लाकुंट्यात पाठीशी उभा राहिलेला जमाव, बातमी छापणारी वर्तमानपत्रे, ओळखीची भाषा, शेजारीपाजारी हे रायचूरच्या कोर्टात नव्हते. आरोपींना तापलेले शहर टाळायचे होते, यात गैर काही नाही. फक्त त्याची किंमत एका विधवेने भरली.

१९८१ मध्ये रायचूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींची सुटका केली.

या निकालाकडे पाहताना शेजारी आणखी एक खटला ठेवायला हवा, कारण तो आपल्याच विदर्भातला आहे आणि दोन्ही प्रकरणे एकाच काळात न्यायालयांतून फिरत होती. २६ मार्च १९७२. देसाईगंज, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात. वडसा म्हणूनही लोक ओळखतात. चौदा ते सोळा वर्षांची एक अनाथ आदिवासी मुलगी, कायद्याच्या इतिहासात ‘मथुरा’ या नावाने नोंदली गेलेली. ज्या घरी ती कामाला जाई तिथल्या नात्यातल्या तरुणाशी लग्न करायचे तिच्या मनात होते. भावाला ते पसंत नव्हते. त्याने बहिणीला पळवल्याची तक्रार दिली. सगळ्यांना ठाण्यात बोलावले गेले. जबाब होता होता रात्रीचे साडेदहा वाजले. जबाब घेणारा हेड कॉन्स्टेबल घरी गेला. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले आणि मुलीला थांबवून घेतले.

ठाण्याची ती जागा डोळ्यांपुढे आणावी लागते. पुढे दार, दाराबाहेर रस्त्यावर भाऊ आणि बाकीची मंडळी वाट पाहत उभी. मागच्या बाजूला संडास. ठाण्यातला दिवा मालवला गेला, दार आतून लावून घेतले गेले. तिच्या फिर्यादीप्रमाणे गणपत या शिपायाने तिला मागे नेले आणि बलात्कार केला. नंतर तुकाराम या हेड कॉन्स्टेबलने अंगचटीला जाऊन तोच प्रयत्न केला, पण तो दारूच्या नशेत असल्याने काही करू शकला नाही. ती बाहेर आली, तिने सांगितले, आणि ठाण्याभोवती जमाव जमला. देसाईगंजमध्ये गुन्हा नोंदवला गेला तो या जमावामुळे. सहा वर्षांनी नल्लाकुंट्यातही तसेच घडले.

१ जून १९७४ ला सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. शरीरसंबंध झाला असेल, पण तो बळजबरीने नव्हे. मुलगी खोटारडी आहे, असा निकालाचा सूर होता. वैद्यकीय तपासणीत ती पूर्वी ‘सरावलेली’ असल्याचा शेरा होता. हा शेरा जिच्यावर आधारलेला असे ती दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने पीडितेच्या हक्कांवर घाला ठरवली ती २०१३ मध्ये, आणि अशी चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरावे असे बजावले २०२२ मध्ये. १९७६ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला. पोलीस ठाण्यात पोलिसांपुढे भीतीने गप्प राहणे आणि संमती देणे यांत फरक आहे, असे खंडपीठाने सांगितले. गणपतला पाच वर्षे, तुकारामला एक वर्ष. माझ्या मते या संपूर्ण कहाणीतले सर्वांत शहाणे वाक्य नागपूरला लिहिले गेले, आणि ते टिकले नाही.

१५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडले. नल्लाकुंट्यातल्या दंगलीला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. न्यायालयाचे तर्क थोडक्यात असे : अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, भाऊ आणि ओळखीचे लोक जवळ असताना तिने त्यांना हाक मारली नाही. पोलीस ठाण्यात रात्री पोलिसाने हात धरल्यावर पोलिसांना बोलवायचे तरी कोणी, हा प्रश्न निकालात कुठे आला नाही. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून छापला आहे. लोक त्याला मथुरा खटला म्हणतात.

निकाल कोणाच्या फारसा लक्षातही आला नव्हता. वर्षभराने, १६ सप्टेंबर १९७९ ला, कायद्याच्या चार अभ्यासकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले : उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. त्या वेळी सरन्यायाधीश होते य. वि. चंद्रचूड. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची अशी जाहीर चिरफाड कायद्याच्या प्राध्यापकांनी करावी, ही तेव्हा अभूतपूर्व गोष्ट होती. अवमानाची कारवाई होण्याची भीती खोटी नव्हती. पत्र छापले गेले, सायक्लोस्टाइल होऊन फिरले आणि १९८० च्या ८ मार्चला अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या. मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ त्याच वर्षी उभा राहिला. हैदराबादेत आणीबाणीपूर्वी विद्यार्थिनींनी उभारलेली प्रोग्रेसिव्ह ऑर्गनायझेशन ऑफ विमेन होती, आणि १९७८ च्या सुमारास तिथे स्त्री शक्ती संघटना आकाराला आली. तेलंगणच्या सशस्त्र लढ्यातल्या स्त्रियांच्या आठवणी गोळा करणारी हीच संघटना.

एप्रिल १९८० मध्ये विधी आयोगाचा ८४ वा अहवाल आला. १९८३ अखेर संसदेने फौजदारी कायद्यांत दुरुस्ती केली. पोलिसाने आपल्या ठाण्याच्या हद्दीत किंवा ताब्यातल्या स्त्रीवर केलेला बलात्कार हा वेगळा, जास्त गंभीर गुन्हा ठरला. किमान शिक्षा दहा वर्षे. असे खटले बंद दाराआड चालवण्याची तरतूद आली. पीडितेचे नाव छापण्यावर बंदी आली. आणि पुरावा कायद्यात कलम ११४अ घातले गेले : अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात सांगितले की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे. उलटे सिद्ध करायचे ते आरोपीने.

त्याच वर्षी ‘अर्धसत्य’ पडद्यावर आला, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेला. त्यातला सबइन्स्पेक्टर वेलणकर कोठडीत एका भुरट्या चोराला मारून टाकतो, आणि प्रेक्षक त्याच्याच बाजूने बसलेला असतो. कोठडीतल्या मृत्यूची गोष्ट पोलिसाच्या बाजूने सांगितली तर ती शोकांतिका होते. मेलेल्याच्या बायकोच्या बाजूने सांगणारी कादंबरी निदान माझ्या वाचनात नाही.

पुन्हा ११४अ कडे. हे कलम देसाईगंजच्या मापाचे शिवलेले आहे. तिथे शरीरसंबंध झाल्याचे न्यायालयांनी मानले होते. भांडण संमतीचे होते. नल्लाकुंट्यात पोलिसांचे म्हणणेच होते की असे काही घडले नाही. शरीरसंबंध सिद्ध व्हायला हवा ही पहिली पायरी त्या बाईला ओलांडता आली नसती, तर हे कलम लागू होऊनही उपयोगी पडले नसते. १९८३ च्या दुरुस्तीवर भरपूर लिहिले गेले आहे, पण ही त्रुटी क्वचितच कोणी दाखवते. शिवाय ज्या पोटकलमाच्या आधारे अशा बाईच्या चारित्र्याचा पंचनामा होई, त्या १५५(४) ला १९८३ मध्ये हात लावला गेला नाही. ते रद्द झाले २००२ च्या अखेरीस. अहमद हुसेन मेला त्याला तेव्हा चोवीस वर्षे होऊन गेली होती.

हैदराबादच्या प्रकरणाला खरोखर भिडणारी दुरुस्ती २००५ ची, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला, माणूस बेपत्ता झाला किंवा बलात्काराचा आरोप झाला, तर पोलिसांच्या तपासाखेरीज न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतंत्र चौकशी केलीच पाहिजे, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ मध्ये घातले गेले. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करू नये, अपवाद असल्यास महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घेऊनच करावी, हेही तेव्हाचेच. त्याआधी १९७३ च्या संहितेने साक्षीसाठी स्त्रीला ठाण्यात बोलवायला मनाई केली होती. जबाब घ्यायचा तर ती राहते तिथे जाऊन घ्यावा. १ जुलै २०२४ पासून ही सारी कलमे नव्या क्रमांकांखाली गेली आहेत : पोलिसाने केलेला बलात्कार भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ मध्ये, नाव छापण्यावरची बंदी ७२ मध्ये, ११४अ चे गृहीतक साक्ष अधिनियमाच्या १२० मध्ये.

हैदराबादला मात्र पोलीस आणि आयोग यांची गाठ आणखी एकदा पडली. २०१९ च्या नोव्हेंबरात शहराबाहेर शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून झाला. अटकेतल्या चौघा आरोपींना पोलिसांनी ६ डिसेंबरच्या पहाटे घटनास्थळी नेले आणि चौघेही पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. या वेळी जमाव जमला तो पोलिसांवर फुले उधळायला. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांचा आयोग नेमला. आरोपींनी पिस्तुले हिसकावून गोळीबार केला ही पोलिसांची कहाणी आयोगाला खोटी आढळली. चौघांना जिवे मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असे अहवालाने म्हटले आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारस केली. मे २०२२ मध्ये अहवाल जाहीर झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढचे प्रकरण तेलंगण उच्च न्यायालयाकडे सोपवले. अहवालाला आव्हान देणाऱ्या पोलिसांच्या याचिका तिथेच गेल्या.